बंदरोबंदरीं उतरणारा प्रवासी : मार्क ट्वेन

समुद्रपर्यटनास निघालेल्या मनुष्यास जगाचें दर्शन घडतें खरें. परंतु तें तुकड्यातुकड्यांनीं घडतें. आगबोट बंदरांत आठ-दहा तास, फार तर दोन-चार दिवस उभी राहते. आणि तेवढ्या अवधींत काय पाहावें व काय सोडावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. आजकाल आपल्या मुंबई बंदरांतूनहि सहलीच्या मोठ्या बोटी सुटतात. कोणी किल्ला पाहूं म्हणतो, कोणी बाजार, तर कोणी बोटीवरच स्वस्थ पडून राहूं म्हणतो. प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु निवड करतांना मनुष्याचा स्वभाव जसा उघडा पडतो तसा तो इतर प्रसंगीं क्वचितच पडत असेल. अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन याच्या चरित्रांत ही गोष्ट फार मनोरंजक रीतीनें दिसून येते. म्हणून तें चरित्र विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडीलमंडळींपुढें थोडक्यांत ठेवीत आहें.

त्याचें खरें नांव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजीं मिसूरी संस्थानांतील फ्लॉरिडा नांवाच्या खेड्यांत झाला. पुढें कुटुंब मिसिसिपी नदीच्या कांठीं हॅनिबल या गांवीं राहावयास गेलें. तो अकरा वर्षांचा असतांना वडील वारले, व थोड्याच काळांत शाळा सोडून त्यास छापखान्यांत उमेदवारी करावी लागली. खिळे जुळवितां जुळवितां त्यास वाचनाची गोडी लागली. परंतु मनांतील ओढ निराळीच होती. हॅनिबलच्या धक्क्यास लागणाऱ्या आगबोटी पाहून तेथील प्रत्येक मुलास वाटे, तसें त्यासहि वाटे कीं आपण बोटीवर जावें. १८५९ सालीं त्यानें मिसिसिपीवरील पायलटचा परवाना मिळविला. सेंट लुई पासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत सुमारे बाराशें मैलांचा तो मार्ग. त्यांतील प्रत्येक वळण, उथळ जागा व बुडालेला ओंडका पायलटास अंधाऱ्या रात्रींहि तोंडपाठ असावा लागे. त्यापूर्वीं एका वर्षानें त्याचा धाकटा भाऊ हेन्री बोटीवरील बॉयलरच्या स्फोटांत भाजून मरण पावला. त्यास त्या बोटीवर नोकरी मिळवून देणारा सॅम्युएलच होता. हें दुःख त्यास जन्मभर पुरलें.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व नदीवरील वाहतूक बंद पडली. तो पश्चिमेस नेव्हाडांत गेला. चांदीच्या खाणी शोधण्यांत अपयश आल्यावर वर्तमानपत्राकडे वळला. १८६३ पासून तो मार्क ट्वेन या नांवानें लिहूं लागला. नदीवरील खलाशांच्या भाषेंत या शब्दांचा अर्थ दोन वांव पाणी, म्हणजे बोटीस निर्धास्त जातां येईल इतकी खोली. १८६६ सालीं हवाई बेटांतून पाठविलेल्या त्याच्या पत्रांनीं लोकांचें लक्ष वेधून घेतलें.

पुढल्याच वर्षीं त्यास आयुष्याला कलाटणी देणारी संधि लाभली. ब्रुकलिन येथील प्लिमथ चर्चच्या मंडळींत एक नवी कल्पना निघाली होती. माल किंवा टपाल वाहण्यासाठीं नव्हे, तर केवळ पर्यटनासाठीं एक आगबोट युरोप व पवित्र भूमीपर्यंत न्यावयाची. बोटीचें नांव क्वेकर सिटी; कप्तान डंकन. भाडें १,२५० डॉलर. त्याखेरीज प्रत्येक प्रवाशानें किनाऱ्यावरील खर्चास दररोज सुमारें ५ डॉलर सोन्यांत जवळ ठेवावे, असें माहितीपत्रकांत सांगितलें होतें. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या आल्टा कॅलिफोर्निया या पत्रानें त्याचें भाडें भरलें. मोबदल्यांत त्यानें प्रवासाचीं पत्रें पाठवावयाचीं होतीं. जून १८६७ मध्यें बोट न्यूयॉर्कहून निघाली. प्रवासी बहुतेक संपन्न, धर्मशील व वयस्क होते. आमचा वार्ताहर अवघा एकतीस वर्षांचा होता.

निवडीचा पहिला पेंच जिब्राल्टरला पडला. कांहीं प्रवासी तेथेंच उतरून स्पेनमधून जमिनीवरून पॅरिसला जाण्यास निघाले. त्यांच्याबरोबर जावें कीं न जावें, हें मार्क ट्वेनला कांहीं केल्या ठरेना. अखेर ती मंडळी निघून गेली, जाण्याची वेळ टळली, तेव्हां त्यास मोठें हायसें वाटलें. आतां न जाण्याचा निश्चय सावकाश करावयास तो मोकळा झाला होता! स्वतःच्या या डळमळीतपणाची त्यानेंच पुढें ग्रंथांत थट्टा केली आहे. मग कांहीं सोबत्यांसह समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजियरला गेला, आणि ती सहल त्यास अतिशय आवडली. कारण तेथील रस्ते, वेष व माणसें त्यानें पूर्वीं पाहिलेल्या कशासारखींहि नव्हतीं.

मार्सेलिसला बोट सोडून तो आगगाडीनें पॅरिसला गेला. त्या सालीं तेथें जगांतील राष्ट्रांचें भव्य प्रदर्शन भरलें होतें. परंतु तें पाहण्यास एक जन्महि पुरणार नाहीं हें ओळखून तो जेमतेम दोन तासांत बाहेर पडला. पॅरिसांत त्याच्या मंडळीनें एक वाटाड्या ठेविला होता. यांना लूव्रमधील चित्रें पाहावयाचीं होतीं. पण वाटेंत त्या वाटाड्याची गाडी पुनः पुनः रेशमी कापडाच्या दुकानांपुढें थांबे. खरेदीवर त्यास दुकानदाराकडून दलाली मिळत असे, हें उघड झालें. दिवस गेला, पण चित्रें पाहावयाचीं तशींच राहिलीं. प्रवाशाची निवड दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, याचा हा धडा आजहि जुना झालेला नाहीं.

इटलींत त्यानें जिनोव्हाला बोट सोडली, आणि मिलान, कोमोचें सरोवर, व्हेनिस, फ्लॉरेन्स व पीसा हीं स्थळें आगगाडीनें पाहिलीं. रोमहून नेपल्सलाहि तो जमिनीवरूनच गेला. तेथें पोंचून पाहतो तों क्वेकर सिटी बंदरांत क्वारंटीनमध्यें अडकलेली, आणि जमिनीवरून आलेले मात्र व्हेसूव्हियस व पाँपीचे अवशेष पाहावयास मोकळे! त्या काळीं कॉलऱ्याच्या भीतीनें बोटींवर असे निर्बंध वारंवार येत.

ग्रीसच्या पिरेयस बंदरांत याच निर्बंधाशीं त्याची गांठ पडली. अकरा दिवसांचें क्वारंटीन पाळल्याखेरीज कोणास उतरूं देणार नव्हते, आणि कप्तान तितके दिवस थांबण्यास तयार नव्हता. अथेन्स नगर डोळ्यांपुढें, आणि पाय ठेवण्यास मनाई. रात्रीं अकराच्या सुमारास मार्क ट्वेन व त्याचे तीन सोबती लहान होडींतून गुपचूप किनाऱ्यास लागले. द्राक्षांच्या मळ्यांतून द्राक्षें तोडीत व पहारेकऱ्यांच्या शिव्या खात ते अक्रोपोलिसच्या टेकडीवर पोंचले. चांदण्यांत न्हालेलें पार्थेनॉन व खालीं झोपीं गेलेलें नगर हें दृश्य त्याच्या लेखणीनें अमर केलें आहे. पहांट फुटतां फुटतां ते बोटीवर परतले. तथापि विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. साथीचे निर्बंध हे परक्या गांवच्या लोकांच्या जिवासाठीं असतात. ती रात्र सुंदर होती, पण ती निवड निर्दोष होती असें म्हणतां येणार नाहीं.

पुढें कॉन्स्टँटिनोपल व क्रिमियांतील बंदरें झालीं. याल्टाजवळ रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची भेट झाली. इफिसाचे अवशेष पाहून बोट बैरुतला लागली. येथें सर्वांत मोठी निवड होती. बोटीनें थेट याफा बंदरास जाऊन तेथून यरुशलेम पाहावें, हा सोपा मार्ग. सूरियांतून दिमिष्कावरून घोड्यांवर गालीलांत उतरून यरुशलेम गांठावें, हा कठीण मार्ग. मार्क ट्वेन धरून आठ जणांनीं कठीण मार्ग पत्करला.

दिमिष्काच्या वाटेवर एक प्रसंग घडला. वास्तविक वाट तीन दिवसांची. परंतु तिसरा दिवस रविवार येत होता, आणि मंडळींतील तिघांस शब्बाथ दिवशीं प्रवास करणें पाप वाटत होतें. म्हणून तीन दिवसांचें अंतर दोन दिवसांत कापण्याचें ठरलें. घोडे लंगडत होते, थकले होते. तरी त्यांना उन्हांतून ताणण्यांत आलें. मार्क ट्वेनला हें मुळींच रुचलें नाहीं. शास्त्रांतील अक्षर पाळण्यासाठीं त्याच शास्त्रानें शिकविलेली दया मुक्या जनावरांच्या बाबतींत विसरावी, हें त्यास असह्य वाटलें. त्याची लेखणी पुष्कळदां धर्मशील जनांस बोंचते, आणि कोठें कोठें ती मर्यादाहि सोडते. परंतु या ठिकाणीं त्याचा आक्षेप खरा आहे, हें आपण ख्रिस्ती लोकांनीं तरी नाकारूं नये. शब्बाथ मनुष्यासाठीं आहे हें ज्यांस ठाऊक होतें, त्यांनींच तें विसरावें यासारखें दुर्दैव नाहीं.

दुसरा प्रसंग गालीलाच्या समुद्रावरचा. ज्या पाण्यावर प्रभूची होडी चालली त्या पाण्यावर एकदां तरी होडींतून फिरावें, ही त्या यात्रेकरूंची लहानपणापासूनची उत्कंठा. होडी दिसतांच सर्वजण धांवत किनाऱ्यावर गेले. नावाड्यानें दोन नेपोलियन, म्हणजे ८ डॉलर, मागितले. मंडळी म्हणाली, एकच देऊं. होडी तत्काळ वळली व दूर निघून गेली. मग मागेल तें देतों म्हणून यांनीं हांका मारल्या, हात हालविले. पण नावाडी परतले नाहींत. ८ डॉलर आठ जणांत वांटले असते तर प्रत्येकास एक डॉलर पडता. ज्यासाठीं घासाघीस केली ती रक्कम तर माणशी अर्धा डॉलर! १,२५० डॉलर भाडें भरून, हजारों मैल येऊन, अर्ध्या डॉलरपायीं जन्माची इच्छा किनाऱ्यावरच राहिली. आणि मग दोष कोणाचा यावर मंडळींत भांडण जुंपलें. याच मंडळींतील कित्येक पवित्र व प्राचीन स्थळांचे दगड ठोकून तुकडे खिशांत घालीत असत, हेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे.

नोव्हेंबर १८६७ मध्यें बोट न्यूयॉर्कला परतली. या प्रवासाच्या पत्रांवरून तयार झालेला 'दि इनोसंट्स अब्रॉड' हा ग्रंथ १८६९ सालीं निघाला, व पहिल्या वर्षांतच त्याच्या सुमारें ७०,००० प्रती खपल्या. बोटीवरील चार्ल्स लँग्डन या तरुण सोबत्याची बहीण ऑलिव्हिया हिच्याशीं १८७० सालीं त्याचा विवाह झाला. टॉम सॉयर व हकलबरी फिन या मुलांच्या कथांनीं पुढें त्याचें नांव जगभर नेलें.

परंतु वैभव टिकलें नाहीं. खिळे जुळविण्याच्या एका यंत्रांत त्याचा पैसा बुडाला, आणि १८९४ सालीं त्याची प्रकाशनसंस्थाहि बसली. कायद्यानें त्याची सुटका होऊं शकत होती. पण पैन् पै फेडावयाची असा निश्चय त्यानें व त्याच्या पत्नीनें केला. त्यासाठीं साठीला टेकलेला हा मनुष्य १८९५ सालीं व्याख्यानें देत पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. होनोलुलूला बोट लागली तेव्हां किनाऱ्यावर कॉलरा होता. कोणास उतरतां येईना. एकोणतीस वर्षांपूर्वीं पाहिलेली ती प्रिय भूमि त्यानें बोटीवरूनच डोळे भरून पाहिली. या वेळीं मात्र रात्रींची होडी नव्हती.

जानेवारी १८९६ मध्यें तो मुंबईस आला. येथील रंग, गर्दी, पक्षी यांनीं तो मोहून गेला. परंतु हॉटेलांत एका गोऱ्या मनुष्यानें हिंदी नोकराच्या तोंडांत मारलेली त्यानें पाहिली, आणि तो नोकर निमूटपणें आपलें काम करीत राहिला. त्या क्षणीं त्यास आपल्या बालपणींचे मिसूरीतील गुलाम आठवले. पाहण्यासारखीं स्थळें यादींत असतात. ही गोष्ट कोणत्याहि यादींत नव्हती. पाहणाराचे डोळे उघडे असल्यामुळें ती दिसली.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, तो इंग्लंडांत असतांना, मायदेशीं त्याची कन्या सूझी वारली. शोक गिळून त्यानें प्रवासाचा ग्रंथ पुरा केला, व १८९८ सालीं सर्व कर्ज फेडलें. २१ एप्रिल १९१० रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील रेडिंग येथें त्याचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां बोटीवर चढेल, कोणी शाळेच्या सहलीबरोबर एका दिवसासाठीं जाईल. कोठेंहि वेळ थोडा व स्थळें पुष्कळ हेंच असणार. त्या वेळीं सर्व कांहीं पाहण्याची हांव धरूं नका. एकच स्थळ निवडा, पण तें स्वतः निवडा व नीट पाहा. पैसे जपा, पण ज्यासाठीं इतक्या दूर आलों तेंच चार पैशांसाठीं सोडूं नका. आणि ज्यांच्या पाठीवर बसून किंवा ज्यांच्या श्रमावर आपली सहल पार पडते, त्या घोड्यांस, नावाड्यांस व नोकरांस आपल्या घाईखालीं चिरडूं नका. पालकांसहि विनंति एवढीच कीं, परत आलेल्या मुलास किती स्थळें पाहिलीं हें विचारूं नये. काय पाहिलें हें विचारावें.