हिमप्रवासी नान्सेन

युरोपच्या अगदी उत्तरेस नॉर्वे हा डोंगरांचा आणि हिमाचा देश आहे. तेथील मुले लहानपणीच पायांना स्की बांधून बर्फावरून घसरावयास शिकतात. स्की म्हणजे लांब, अरुंद व टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या. पूर्वी त्या लाकडाच्या असत. या देशाच्या राजधानीजवळ १० ऑक्टोबर १८६१ रोजी फ्रित्यॉफ नान्सेनचा जन्म झाला. ख्रिश्चियानिया हे त्या राजधानीचे तेव्हाचे नाव. आज तिला ऑस्लो म्हणतात.

नान्सेनच्या घराजवळच दाट अरण्य होते. थोडीशी शिदोरी घेऊन तो अरण्यात जाई आणि कित्येक दिवस तेथेच राही. ओढ्यातले मासे पकडावेत, ते विस्तवावर भाजून खावेत आणि झाडाखाली निजावे, असा त्याचा क्रम असे. थोडक्या सामानात कसे भागवावे, हे तो तेथेच शिकला. पुढे त्याने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला व बर्गन येथील संग्रहालयात नोकरी धरली. १८८२ साली सीलच्या शिकारीस निघालेल्या एका जहाजावरून त्याने ग्रीनलंडचा किनारा दुरून पाहिला होता. या प्रचंड बेटाचा अंतर्भाग बर्फाने झाकलेला आहे. तो ओलांडून कोणीही एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यास गेले नव्हते. नान्सेनने ते कार्य मनावर घेतले.

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वस्ती होती. पूर्व किनारा मात्र जवळजवळ ओसाड होता. आधीचे प्रवासी पश्चिमेकडून आत शिरत आणि संकट येताच वस्तीकडे परतत. नान्सेनने पूर्वेकडून निघण्याचे ठरविले. मागे आश्रय नसला, की पुढे जाण्यावाचून गत्यंतर नाही, हा त्याचा विचार होता. हे वेडे धाडस आहे असे अनेकांनी म्हटले. बर्गनच्या एका पत्राने तर थट्टेची जाहिरात छापली आणि या प्रवासाला परतीच्या तिकिटाची गरज नाही, असे तीत सुचविले. नॉर्वेच्या सरकारने पैसे नाकारले. शेवटी डेन्मार्कमधील एका व्यापाऱ्याने मदत केली.

नान्सेन धरून सहाच माणसे असणार होती आणि सर्व सामान त्यांनाच ओढावे लागणार होते. म्हणून नान्सेनने प्रत्येक वस्तूचा कसोशीने विचार केला. त्याने ॲश नावाच्या चिवट लाकडाची घसरगाडी स्वतः योजून करविली. तिचे सांधे खिळ्यांनी न ठोकता दोऱ्यांनी आवळले होते. त्यामुळे ती खाचखळग्यांत लवे, पण मोडत नसे. तिच्या धावा स्कीसारख्या रुंद असल्याने ती भुसभुशीत हिमात रुतत नसे. एवढे असून तिचे वजन सुमारे १३ किलो होते. तीन तीन माणसांत मिळून एक, अशा रेनडिअरच्या कातड्याच्या दोन झोपण्याच्या पिशव्या केल्या. त्यामुळे ओझे वाचले आणि ऊबही अधिक मिळाली. तंबूचे कापड वारा अनुकूल असताना घसरगाडीला शिडासारखे लावता येई.

१७ जुलै १८८८ रोजी ही मंडळी जहाजावरून होड्यांत उतरली. परंतु तरंगत्या बर्फाने त्यांना अडकविले आणि कित्येक दिवस दक्षिणेकडे वाहून नेले. कशीबशी सुटका झाल्यावर ती वल्ही मारीत पुन्हा उत्तरेस आली. १५ ऑगस्टला चढण सुरू झाली. माणशी सुमारे ९० किलो ओझे होते. त्यांनी २,७०० मीटरांहून अधिक उंची गाठली. रात्री पारा शून्याखाली ४० अंशांच्याही खाली जाई. भोवती बर्फच बर्फ. पण ते वितळविण्यास इंधन थोडे, म्हणून पाण्याचे हाल झाले. त्यातच बरोबरच्या वाळविलेल्या मांसातील चरबी काढून टाकलेली होती, असे उघडकीस आले. त्यामुळे पोट भरूनही सर्वांना चरबीची अनावर भूक लागे. हलके सामान घेताना शरीराची गरज विसरून चालत नाही, हे नान्सेनने ध्यानात ठेवले आणि पुढील प्रवासात पुरेशी चरबी घेतली.

सुमारे ४० दिवसांनी बर्फ संपले व पश्चिमेकडील खाडी दिसली; पण वस्ती अद्याप दूर होती आणि होड्या तर मागेच राहिल्या होत्या. तेव्हा त्यांनी विलोच्या फांद्यांचा सांगाडा बांधला आणि त्यावर तंबूच्या तळाचे कापड शिवले. या गळक्या होडीतून, पाणी उपसत उपसत, नान्सेन व स्व्हेरड्रुप ३ ऑक्टोबरला गोटहॉब गावी पोहोचले. मागाहून उरलेल्या सोबत्यांनाही आणण्यात आले. तो हिवाळा त्यांनी तेथेच काढला. तेथील इन्युइट लोकांकडून नान्सेन कयाक ही कातड्याची हलकी होडी वल्हविण्यास शिकला.

ही विद्या पुढे कामी आली. १८९३ साली तो ‘फ्राम’ या जहाजातून उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाला. दोन वर्षांनी जहाज सोडून तो व योहान्सन बर्फावरून पायी निघाले. प्रारंभी सहा घसरगाड्या घेतल्या. पण ओझे झेपेना, म्हणून ते परतले आणि १४ मार्च १८९५ रोजी तीनच गाड्या घेऊन पुन्हा निघाले. ध्रुव गाठता आला नाही. तरी तोपर्यंत कोणीही गेले नव्हते इतक्या उत्तरेस, ८६ अंशांपलीकडे, ते पोहोचले. परतताना एका बेटावर दगड व वॉलरसच्या कातड्याची झोपडी करून त्यांनी हिवाळा काढला. फाटके कपडे टाकून पांघरुणांचे नवे कपडे शिवले आणि अस्वलाच्या कातड्याची झोपण्याची पिशवी केली. पुढे जून १८९६ मध्ये एके दिवशी एकत्र बांधलेले त्यांचे दोन्ही कयाक दोर सुटून वाहून जाऊ लागले. अन्न, बंदुका, सारे त्यांतच होते. नान्सेनने क्षणाचाही विलंब न लावता त्या गोठविणाऱ्या पाण्यात उडी घेतली. हातपाय बधिर होत असतानाही पोहत जाऊन त्याने ते गाठले. त्याच महिन्यात एका इंग्रज प्रवाशाची अकस्मात भेट झाली आणि दोघेही मायदेशी परतले.

पहिल्या महायुद्धानंतर नान्सेनने आपले कौशल्य निराधारांच्या सेवेस लावले. चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना घरी पोहोचविण्याचे कार्य त्याच्या देखरेखीखाली झाले. ज्यांना कोणताच देश आपले म्हणत नव्हता, अशा निर्वासितांसाठी त्याने १९२२ साली एक ओळखपत्र सुरू करविले. ‘नान्सेन पासपोर्ट’ या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि पन्नासाहून अधिक सरकारांनी ते मान्य केले. त्याच वर्षी त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १३ मे १९३० रोजी त्याचे निधन झाले.

नान्सेन धाडसी होता. परंतु प्रत्येक दोर, प्रत्येक टाका तपासल्याशिवाय त्याने पाऊल उचलले नाही. काय बरोबर घ्यावे आणि काय मागे ठेवावे, हे ज्याला नेमके कळते, तोच दूरचा पल्ला गाठतो, हेच त्याचे चरित्र सांगते.