बूच, बांबू आणि कागद

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तेथे १९ ऑगस्ट १८७१ रोजी ऑर्विल राइट यांचा जन्म झाला. वडील मिल्टन राइट ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. पुढे ते बिशप झाले. आई सुसान यांच्या हातात कारागिरी होती. त्यांचे वडील घोडागाड्या बनवत, त्यामुळे हत्यारे वापरायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या. मुलांची खेळणी त्या घरीच तयार करत.

१८७८ साली हे कुटुंब आयोवा राज्यातील सिडार रॅपिड्स या गावी राहत होते. एके दिवशी वडील प्रवासाहून परतले. त्यांनी हातात काहीतरी लपवले होते. काय आहे हे मुलांना दिसण्याआधीच त्यांनी ते हवेत सोडले. खाली पडायचे सोडून ते वर गेले, छताला लागले, थोडे फडफडले आणि मग खाली आले. तेव्हा ऑर्विल सात वर्षांचा होता आणि त्याचा भाऊ विल्बर अकरा वर्षांचा.

आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाच्या नमुन्यावरून बनवलेले ते खेळणे होते. बूच, बांबू आणि पातळ कागद एवढेच त्यातले सामान. पिळलेले रबर सुटू लागले की पंखे गरगर फिरत. मुलांनी त्याचे नाव ‘वटवाघूळ’ ठेवले.

असले नाजूक खेळणे मुलांच्या हाती किती दिवस टिकणार? ते मोडल्यावर दोघांनी स्वतःच तसे बनवायला घेतले. त्यांचे खेळणे उडाले! मग त्यांनी थोडे मोठे बनवले. ते कमी उडाले. आणखी मोठे बनवले, तर ते नीट उडेचना. सामान तेच, रचना तीच, फक्त आकार वाढवलेला. मग चुकले कुठे? मुलांना काही कळेना. शेवटी ती पतंगांकडे वळली.

त्याचे कारण आपण पाहू. लाकडाचा एक ठोकळा घ्या. त्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर नव्या ठोकळ्यात जुने आठ ठोकळे मावतात. म्हणजे वजन आठपट झाले! पंखांचे क्षेत्रफळ मात्र चारपटच वाढते. दुप्पट आकाराच्या यंत्राला आठपट शक्ती लागते, असे राइट बंधूंनी पुढे स्वतःच लिहिले. पण लहानपणी त्यांना हे सांगणारे कोणी नव्हते.

ऑर्विल मोठे झाले. त्यांनी छापखाना काढला. १८९२ मध्ये दोघा भावांनी सायकलींचे दुकान सुरू केले. १८९६ साली ऑटो लिलिएनथाल हे जर्मन संशोधक ग्लायडरवरून पडून मरण पावले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. या बातमीने भावांचे जुने वेड पुन्हा जागे झाले. १९०० आणि १९०१ साली त्यांनी किटी हॉक येथील वाळूच्या टेकड्यांवर आपली ग्लायडरे उडवून पाहिली. पंखांचा आकार ठरवताना त्यांनी लिलिएनथाल यांचे आकडे वापरले होते. पण हिशेबाप्रमाणे ग्लायडर जेवढे वजन उचलायला हवे होते, तेवढे उचलत नव्हते. विल्बर इतके निराश झाले, की आपल्या हयातीत माणूस उडणार नाही, असे त्यांना वाटू लागले.

तेव्हा दोघांनी पुन्हा लहान नमुने हाती घेतले. त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली. तिच्या एका टोकाला पंखा लावला. तो दुकानातल्या इंजिनावर चाले आणि पेटीतून जोराचा वारा वाही. आतले दिसावे म्हणून वर काच बसवली. पत्रा कापून, वाकवून त्यांनी बोटभर लांबीचे पंख तयार केले. काही रुंद, काही अरुंद. काही सपाट, काही वळणदार. असे सुमारे दोनशे पंख त्यांनी तपासले. वारा पंखाला किती उचलतो हे मोजायला तराजू हवा होता. तोही त्यांनी घरीच केला. लोखंड कापायच्या करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या चाकाच्या तारा यांपासून! लहानपणी त्यांनी खेळणे नुसते मोठे केले होते. आता ते आधी लहान पंख मोजत होते आणि मग मोठ्याचा हिशेब करत होते.

या मोजमापातून १९०२ चे ग्लायडर तयार झाले. ते उत्तम उडाले. मग त्याच पद्धतीने त्यांनी इंजिनाचे विमान बांधले.

त्याच सुमारास सॅम्युअल लँग्ली हे मोठे शास्त्रज्ञही विमान बांधत होते. त्यांचा वाफेवर चालणारा लहान नमुना १८९६ मध्ये अर्ध्या मैलाहून अधिक उडाला होता. पण माणूस बसेल एवढे मोठे विमान त्यांनी केले, ते १९०३ मध्ये दोनदा नदीत कोसळले. दुसऱ्यांदा ते ८ डिसेंबरला पडले. पुढे नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, किटी हॉकला ऑर्विल विमानात पालथे झोपले आणि विमान जमिनीवरून उठले. ते १२ सेकंदांत १२० फूट गेले. त्याच दिवशी विल्बर यांनी ५९ सेकंद उड्डाण केले.

पुढचे दिवस सुखाचे नव्हते. १९०८ मध्ये ऑर्विल यांचे विमान कोसळले. सोबतचे लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावले आणि ऑर्विल यांच्या मांडीचे हाड मोडले. १९१२ साली विषमज्वराने विल्बर गेले. दरम्यान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने उड्डाणक्षम विमानाचा पहिला मान लँग्ली यांना दिला. याचे ऑर्विल यांना फार दुःख झाले. १९२८ मध्ये त्यांनी आपले १९०३ चे विमान लंडनच्या संग्रहालयात पाठवून दिले. संस्थेने आपली चूक १९४२ साली कबूल केली. तोपर्यंत महायुद्ध सुरू झाले होते, त्यामुळे विमान परत आणता आले नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी डेटन येथे ऑर्विल यांचे निधन झाले. त्याच तारखेला इकडे दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली होती. १७ डिसेंबर १९४८ रोजी राइट बंधूंचे विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लावण्यात आले. पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी पंचेचाळीस वर्षे झाली होती.