साने गुरुजी : खानदेशचे शिक्षक, वगळलेल्यांचे कैवारी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. जन्म कोकणातला असला, तरी त्यांची कर्मभूमी म्हणजे आपले खानदेश. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने सेवा केली. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठीही ते अहोरात्र झटले.

त्याच सुमारास युरोपात माणसाची किंमत वंशावरून ठरू लागली होती. १९३५ साली जर्मनीने कायदा करून ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या कार्मेल संघाच्या भगिनी संत एडिथ स्टाइन यांना १९४२ साली आउश्वित्झ येथे ठार मारण्यात आले. जन्मावरून माणसाला वगळण्याचे हे पाप आपल्याकडे रूढीच्या नावाने शतकानुशतके चालत आले होते. अस्पृश्य ठरविलेल्यांना विहिरीवर पाणी नव्हते आणि मंदिरात प्रवेश नव्हता.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले, तेव्हा गुरुजींना हेच शल्य बोचत होते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार सर्वांना उघडावे, यासाठी त्यांनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. अनेक गावांतील विहिरी व मंदिरे त्यामुळे खुली झाली. पंढरपूरचे दार मात्र बंदच राहिले. अखेर १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. सनातन्यांचा रोष त्यांनी शांतपणे सोसला. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले.

२६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच वर्षी ११ जून रोजी गुरुजींचे निधन झाले.

कायदा माणसाला नागरिक करतो; परंतु शेजारी व बंधू म्हणून त्याला आपणच स्वीकारावे लागते. प्रार्थनेला शेजारी बसणाऱ्या भावाची जात आपण मनातल्या मनात विचारतो का? घरातील लग्न जमविताना ती विचारतो का? गुरुजींचे स्मरण करताना आम्हा ख्रिस्ती जनांनाही या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावी लागतील.