पंडित आणि पिता : फादर नेहेम्या गोऱ्हे

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात ज्या थोर पुरुषांची नावे आदराने घेतली जातात, त्यांत फादर नेहेम्या गोऱ्हे यांचे स्थान फार वरचे आहे. षड्दर्शनांचे ज्ञाते, निष्णात वादपटू आणि पंडिता रमाबाईंचे मार्गदर्शक म्हणून ते आपणांस परिचित आहेत. परंतु या पांडित्यामागे एक पुत्र, एक पती आणि एक पिता होता, याचे स्मरण क्वचितच केले जाते. ख्रिस्ताला अनुसरण्याची किंमत या गृहस्थाला आपल्या घरातूनच द्यावी लागली. ती देताना त्यांचे मन किती कष्टले असेल, हे त्यांच्या चरित्राकडे पाहिल्यावर ध्यानी येते.

पेशवाईच्या काळात अनेक कोकणस्थ घराणी बुंदेलखंडात जाऊन स्थायिक झाली. गोऱ्हे घराणे त्यांपैकीच एक. थोरल्या बाजीरावांचा वंश बांद्याच्या नवाबांच्या रूपाने तेथे नांदत होता आणि नीळकंठांचे आजोबा त्याच दरबारी सेवेत होते. झाशीच्या परिसरातील काशीपुरा या गावी 8 फेब्रुवारी 1825 रोजी नीळकंठांचा जन्म झाला. पुढे कुटुंब काशीस आले. त्या विद्यानगरीत त्यांनी संस्कृत व्याकरण आणि न्यायशास्त्र यांचे कसून अध्ययन केले. न्यायशास्त्राने त्यांच्या बुद्धीला एक सवय लावली : प्रमाणावाचून काहीही स्वीकारावयाचे नाही. ही सवय त्यांना जन्मभर सोडून गेली नाही.

जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने हिंदू शास्त्रांची चिकित्सा करणारा एक संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून विशीच्या उंबरठ्यावरील नीळकंठशास्त्र्यांनी 1844-45 च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. स्वधर्माच्या रक्षणार्थ ते काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालीत. त्या वादाच्या निमित्ताने पवित्र शास्त्र त्यांच्या हाती आले. खंडनासाठी उघडलेल्या त्या ग्रंथाने हळूहळू त्यांच्या अंतःकरणाचा ताबा घेतला. तरीही निर्णय एका दिवसात झाला नाही. दीर्घकाळ मनाशी झगडल्यानंतर 14 मार्च 1848 रोजी, काशीपासून दूर जौनपूर येथे, त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी नेहेम्या हे नाव धारण केले.

त्या काळी अशा निर्णयाचा अर्थ काय होता, हे आज आपणांस नीटसे उमगणार नाही. पंक्ती तुटे, आप्त दुरावत आणि जिवंत पुत्र घराला मृतवत होई. सनातनी पित्याच्या दृष्टीने याहून मोठा आघात नव्हता. नेहेम्यांनी आपल्या घराण्याचा द्वेष केला म्हणून ते बाहेर पडले नाहीत. सत्य म्हणून जे पटले त्याच्याशी प्रामाणिक राहण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र पतीपाशी आल्या व प्रभूच्या कळपात सामील झाल्या. परंतु हे सहजीवन अल्पकाळ टिकले. 11 सप्टेंबर 1853 रोजी काशी येथे कन्या जन्मास आली आणि थोड्याच अवधीत मातेने इहलोक सोडला. कन्येचे नाव एलन लक्ष्मी. त्या नावात दिवंगत मातेची स्मृती राहिली.

पुढच्याच वर्षी पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून नेहेम्या इंग्लंडला गेले. एक वर्षाचीही न झालेली लेक भारतात राहिली. निळीचा व्यवसाय करणाऱ्या एका युरोपीय कुटुंबाने तिचा सांभाळ केला, परंतु 1857 च्या उठावात त्या कुटुंबाची मालमत्ता गेली. नंतर रेव्हरंड स्टॉर्स यांनी तिला आपलेसे केले आणि 1865 मध्ये ते तिला इंग्लंडला घेऊन गेले. अशा रीतीने पिता भारतात आणि कन्या सातासमुद्रांपलीकडे, अशी या लहानशा कुटुंबाची ताटातूट झाली.

एकाकी झालेल्या या पित्याने स्वतःला सेवेस वाहून घेतले. 1860 मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला व 1862 मध्ये फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. 1868 मध्ये ते डीकन झाले आणि 1870 मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. 1876 मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्डजवळील कौली येथील संन्यस्त संघात उमेदवार म्हणून राहिले. परंतु संघाची अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. शंका त्यांचा पिच्छा सोडीत नव्हत्या. आपला विश्वास पुरेसा दृढ आहे काय, हा प्रश्न या विद्वान सेवकाला वृद्धापकाळीही छळीत असे.

तथापि देवाने त्यांच्या या दुर्बलतेचाही उपयोग करून घेतला. ते पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये सेवा करीत असताना पंडिता रमाबाईंशी त्यांचा संबंध आला. त्याही कोकणस्थ घराण्यातल्या, संस्कृतात पारंगत आणि ब्राह्मो विचारांच्या प्रभावातून आलेल्या. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर फादर गोऱ्हे यांची पत्रे त्यांना तेथे मिळत राहिली आणि त्यांच्या अनेक शंकांचे निरसन झाले. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा झाला. ज्याने स्वतः शंकेची वाट तुडवली, त्यालाच दुसऱ्याच्या शंकेची कदर करता येते.

आणि दुरावलेली लेक? इंग्लंडमध्ये वाढलेली एलन लक्ष्मी 1880 मध्ये स्वेच्छेने भारतात परतली, तीही मिशनसेवेसाठीच. अमृतसर व अलाहाबाद येथे तिने सेवा केली. प्रभूच्या सान्निध्यातील गुप्त विसाव्याविषयी तिने रचलेले इंग्रजी गीत जगभरच्या मंडळ्यांत गाइले गेले. 1897 मध्ये ती डीकनेस झाली आणि 1937 मध्ये कानपूर येथे तिने देह ठेवला. पिता आणि कन्या यांना एका छपराखाली फारसे राहता आले नाही, पण दोघांनी धनी एकच मानला आणि नांगरही एकाच शेतात धरला.

फादर गोऱ्हे 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत प्रभूघरी गेले. त्यांनी मागे धनदौलत ठेवली नाही. आज आपल्यापैकी बहुतेकांना ख्रिस्ती विश्वास वाडवडिलांकडून, घरबसल्या, विनासायास लाभला आहे. आपल्या सायंप्रार्थनेला कुटुंब एकत्र बसते, तेव्हा क्षणभर या पुरुषाची आठवण करावी. त्याला जे घर मिळाले नाही, ते देवाने आपणांस दिले आहे. त्याची थोरवी गाण्यापेक्षा त्या देणगीचे मोल ओळखणे, हेच त्याचे खरे स्मरण ठरेल.