रविवारच्या सुट्टीचे जनक कै. नारायण मेघाजी लोखंडे

पोळ्याच्या दिवशी आमच्या परतूर तालुक्यातील कोणत्याही गावी बैलाच्या मानेवर जू ठेविले जात नाही. आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीने मळावयाचे, त्यास दुसऱ्या दिवसाचे आवतण द्यावयाचे, आणि अमावास्येस न्हाऊ घालून, शिंगे रंगवून पुरणपोळी चारावयाची, हा कुणब्याचा शिरस्ता होय. मुक्या जनावराच्या थकलेल्या खांद्यांची आठवण ठेवणारा हा समाज आहे. परंतु याच समाजातून पोट भरण्यासाठी मुंबईस गेलेल्या माणसांच्या खांद्यांची आठवण मात्र कित्येक वर्षे कोणासही झाली नाही. ज्या पुरुषाने ती प्रथम जोराने करून दिली, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहो.

नारायणराव लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले, फुलमाळी समाजाचे आणि गरिबीचे. माध्यमिक शिक्षण होताच त्यांस नोकरी धरावी लागली. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात व पुढे मुंबईस मांडवी येथील एका कापड गिरणीत कोठारावरचे कारकून म्हणून त्यांनी काम केले. ही शेवटची नोकरी त्यांच्या आयुष्यास वळण लावणारी ठरली. कोठारात बसून हिशेब लिहिणारा मनुष्य सहसा हिशेबच पाहतो. लोखंडे यांनी समोरून जाणारी माणसे पाहिली.

मुंबईस पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली, व १८५६ पासून तिचे काम सुरू झाले. पुढील तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नसत; म्हणून सूर्य उगवला की यंत्र सुरू व्हावयाचे आणि मावळला की थांबावयाचे. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा मजुरीही तेरा-चौदा तासांची. हवेत कापसाची धूळ, कानांत मागांचा खडखडाट, आणि दुपारच्या विसाव्याचा नीट नियम नाही. मोठ्या सणांच्या सुट्ट्या मिळत, पण आठवड्यातून ठराविक वारी विश्रांती मिळेल असा भरवसा नव्हता. एखाद्या रविवारी यंत्र बंद राहिलेच, तर ते पुसण्यासाठी मजुरास अर्धा दिवस बोलावीत. यंत्रास विसावा मिळे; तो मिळवून देण्याचे काम माणसाच्या माथी येई. पगार तर महिना उलटून गेल्यावरही लवकर हाती पडत नसे.

याच सुमारास लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाकडे ओढले गेले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी हा समाज १८७३ साली स्थापन केला होता, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. समाजाचे विचार सांगणारे 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात काढले होते. ते चालविणे कठीण झाले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणून आपल्या अंगावर घेतले. पुढे त्यांनी नोकरीही सोडली. कारकुनाची बांधलेली मिळकत टाकून तोट्यात चाललेले वर्तमानपत्र पत्करणे हा व्यवहार कोणत्याही वडील माणसास शहाणपणाचा वाटणार नाही, हे आम्ही जाणतो.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखान्यांचा कायदा झाला. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सद्गृहस्थांनी त्यासाठी खटपट केली होती. तथापि सगळाच जोर दयेचा नव्हता. मुंबईचे स्वस्त कापड आपणांस भारी पडेल, ही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस धास्ती होती, आणि म्हणून येथील मजुरांविषयी त्यांस फार कळवळा येत असे. कायदा तरी काय, तर सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांहून अधिक राबवू नये व महिन्यातून चार दिवस सुट्टी द्यावी. मोठ्या माणसांच्या तासांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. आमच्या पाचवीतल्या मुलाच्या वयाचे पोर नऊ तास गिरणीत असे, आणि ती सुधारणा गणली जाई.

१८८४ साली मुंबई सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी मंडळ नेमले. ही संधी साधून लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात परळ येथे मजुरांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज मंडळापुढे ठेविला. दर रविवारी पूर्ण विसावा, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार चालू महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, कायमचा पंगू झाल्यास पोटगी, अशा त्यातील मागण्या होत्या. यांतील एकीही अवास्तव होती असे आज कोणी म्हणणार नाही.

त्याच साली त्यांनी मुंबई गिरणी कामगार संघ स्थापिला. हिंदुस्थानातील मजुरांची ही पहिली संघटना म्हणून इतिहासकार तिचा उल्लेख करतात. खरे पाहता तिला ना वर्गणी होती, ना सभासदांची नोंदवही, ना घटना. आजच्या अर्थाने तो संघच नव्हे, असे म्हणणारेही आहेत, व त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ज्या मजुरास सही म्हणजे अंगठा एवढेच ठाऊक, त्याच्याकडून नोंदवही व नियमावली यांची अपेक्षा करणे म्हणजे पेरणीपूर्वीच खळे शोधणे होय.

रविवारच का, असा प्रश्न तेव्हाही निघाला. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांस त्याचे उत्तर दहा आज्ञांतून मिळालेले असते. कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला विसाव्याचा दिवस महाराष्ट्रात असा एका जमातीच्या नावातच राहिला. लोखंडे यांनी गिरणीतील मराठी मजुरांस पटेल असे कारण पुढे केले: रविवार हा खंडोबाचा वार. आणि आमच्या परतुरापुरते बोलावयाचे, तर निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत सरकारी सुट्टी शुक्रवारी असे. त्या पिढीच्या मुलांस शुक्रवारी जो आनंद होई, तोच आज रविवारी होतो. वार कोणता, याहून तो ठरलेला असणे महत्त्वाचे.

१८८४ च्या अर्जाने तत्काळ काही साधले नाही. लोखंडे यांनी अर्ज, सभा व 'दीनबंधु'तील लेखन हे काम पुढे सहा वर्षे चालविले. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. तीत दोन मजूर बायका उभ्या राहून बोलल्या. त्या काळी शिकलेल्या घरची बाई चारचौघांत बोलली तरी गावभर चर्चा व्हावयाची, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोघींच्या धैर्याची कल्पना येते. दर आठवड्यास एक दिवस सुट्टीची मागणी गिरणीमालकांच्या संघाकडे गेली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या सरकारी मंडळाच्या कामात लोखंडे यांस सहकारी म्हणून घेण्यात आले, व १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी पक्की झाली. स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा मिळाली व नऊ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी झाली.

विसाव्याने मालकाचे नुकसान होते, हा समज पुढे जगानेच खोटा पाडला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील दारूगोळ्याच्या कारखान्यांत रविवारीही काम चालू झाले. पण १९१५ साली नेमलेल्या आरोग्य समितीस असे आढळून आले, की सातही दिवस राबणाऱ्यांकडून त्या मानाने जास्त माल निघत नाही. कारण उघड आहे. थकलेल्या स्नायूंस आपली झीज भरून काढावयास वेळ लागतो. झोपेची उधारी वाढत गेली की हात मंदावतो, लक्ष ढळते, आणि फिरत्या पट्ट्यापाशी लक्ष ढळणे म्हणजे बोटे गमावणे. १९२१ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांतीचा करार केला, व हिंदुस्थानाने तो १९२३ साली स्वीकारला.

परंतु कायद्याचा हात कारखान्याच्या फाटकापर्यंतच पोचला. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून जी बिऱ्हाडे ऊसतोडीस निघतात, त्यांच्या हंगामात रविवार नसतो. गाडी भरावयाची असली की पहाटेही कोयता चालतो. ज्या घरी रविवारी सर्वांस सुट्टी, त्या घरी आईचे काम दुप्पट. आणि ज्या मुलाचा रविवार शिकवणीत जातो, त्याच्या पालकांसही आम्ही एक वेळ विचार करावयास विनवितो: सहा दिवस वाचलेले पचनी पडावयास सातवा दिवस नको काय?

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी न्हावी मंडळीस उभे केले. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा मजूर वस्त्यांत सलोखा राखण्यासाठी ते झटले. १८९५ साली सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. हा किताब घ्यावा की घेऊ नये, यावर पुढे मतभेद झाले. आम्हांस तो वाद तितकासा मोठा वाटत नाही, कारण किताबानंतरचे त्यांचे वर्तन किताबापूर्वीच्यासारखेच राहिले.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला. ज्यांस शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे गेले नाहीत. ज्या मजुरांच्या चाळींत रोग सर्वांत जास्त होता, तेथेच ते रुग्णांची व्यवस्था पाहत राहिले आणि प्लेगच्या इस्पितळाच्या कामी लागले. त्या सेवेतच त्यांस प्लेगने गाठले, व ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशीही पुरी न होता, त्यांचे देहावसान झाले. भारत सरकारच्या टपाल खात्याने २००५ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तरुणपणी त्याच खात्यात त्यांनी काही काळ चाकरी केली होती.