फ्रँक्लिनच्या धंद्याची निवड

बेंजामिन फ्रँक्लिन ह्याने विजेविषयी केलेले प्रयोग पुष्कळ वाचकांनी शाळेत ऐकले असतील. त्याच्या मोठेपणाची हकीकत आज सांगावयाची नाही. ह्या मुलाने कोणता धंदा करावा हा पेच त्याच्या वडिलांनी कसा सोडविला, तेवढेच सांगतो.

त्याचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बॉस्टन नगरात झाला. वडील जोसाया हे मेणबत्त्या व साबण करून विकीत. बेंजामिन त्यांचा दहावा मुलगा. मुलग्यांचा दशांश देवाला द्यावा ह्या हेतूने त्यांनी त्याला पाळक करण्याचे योजिले व आठव्या वर्षी लॅटिन शाळेत घातले. पण वर्ष भरले नाही तोच खर्च झेपेना म्हणून काढून घेतले. धान्याचा दशांश बोलत नाही. मुलगा मात्र पुढे बोलू लागतो.

दहाव्या वर्षी तो वडिलांच्या हाताखाली आला. वाती कापाव्या, साच्यांत चरबी ओतावी, निरोप पोचवावे. ह्या कामाला तो अगदी विटला. त्याचे सारे चित्त समुद्राकडे. एक थोरला भाऊ असाच घर सोडून गलबतावर गेला होता, ते दुःख वडिलांच्या मनात होते. धाकात ठेवावे तर हाही पळेल, अशी त्यांना धास्ती पडली.

तेव्हा त्यांनी जे केले ते आपल्यातील बापांनी लक्षपूर्वक वाचावे. ते मुलाला बरोबर घेऊन गावात हिंडू लागले. सुतार, गवंडी, कातारी, तांबट ह्यांची कामे त्याला दाखविली, आणि त्याचे मन कोठे रमते हे पाहत राहिले. आपण बहुधा मुलाला एकच वाट दाखवितो, व तो तिजवर चालला नाही म्हणजे रागावतो. पुढे सुऱ्या करणाऱ्या चुलतभावाकडे त्याला काही दिवस काम करून पाहण्यास ठेविले. परंतु त्याने शिकविण्याचे पैसे मागितले, ते वडिलांस रुचले नाही, व मुलगा घरी परतला.

शेवटी त्याचे पुस्तकांचे वेड पाहून छापखाना ठरला. भाऊ जेम्स १७१७ साली इंग्लंडाहून यंत्र व खिळे घेऊन आला होता. मुलगा काही काळ अडून बसला. पण १७१८ साली, बाराव्या वर्षी, त्याने एकविसाव्या वर्षापर्यंतच्या उमेदवारीच्या करारावर सही केली. येथे मात्र वडील उतावळे झाले, असे मला वाटते. धंदा योग्य निवडला, पण एवढ्या पोरावर नऊ वर्षांचे बंधन घातले. समुद्राच्या भयाने ती घाई करविली. भाऊ त्याला मारीत असे. १७२३ साली, सतराव्या वर्षी, बेंजामिन पळाला व फिलाडेल्फियास गेला. पळाला तो भावापासून, छपाईपासून नव्हे. तेथेही त्याने तोच धंदा धरिला.

कारागिरांकडील ते हिंडणेही वाया गेले नाही. हत्यारांची गोडी तेव्हाच लागली, आणि तिच्यामुळे घरची किरकोळ कामे व प्रयोगांची लहान यंत्रे आपल्याला स्वतः करता आली, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. तो १७९० साली मरण पावला. फ्रान्सच्या दरबारी वकील म्हणून राहिलेल्या ह्या पुरुषाने आपल्या मृत्युपत्रात त्या पदाच्या आधी आपला धंदा लिहिला आहे: मुद्रक.