एमिली हॉबहाउसबाई : युद्धात होरपळलेल्या स्त्रियांची कैवारी

लढाईची वार्ता खेड्यात येऊन पोहोचली म्हणजे कोण जिंकला व कोण हरला, एवढेच लोक विचारतात. ज्या घराला आग लावण्यात आली, त्या घरची बाई आपली लेकरे घेऊन कोठे गेली, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न विचारणे हेच जिने आपले जीवितकार्य मानले, आणि त्याचे खरे उत्तर सांगितल्याबद्दल स्वजनांचा रोष सोसला, अशा एका पाळकाच्या कन्येचे चरित्र आज आम्ही सादर करीत आहोत.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. त्यातील सेंट ईव्ह या लहानशा खेड्यात ता. ९ एप्रिल १८६० रोजी एमिली हॉबहाउस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रेजिनल्ड हॉबहाउस हे तेथील मंडळीचे पाळक असून पुढे आर्चडीकनच्या पदास चढले. एमिलीबाई वीस वर्षांच्या असता त्यांची आई वारली. तेव्हापासून वडिलांची शुश्रूषा करणे व मंडळीतील गोरगरिबांची विचारपूस करणे, यातच त्यांचे तारुण्य गेले. सन १८९५ मध्ये वडील निवर्तले, तेव्हा बाई चौतिशीत होत्या. मग त्या अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात गेल्या आणि कॉर्नवॉलहून तेथे गेलेल्या खाणमजुरांमध्ये त्यांनी दारूबंदीचे व लोकसेवेचे काम केले. तेथे त्यांचा विवाह ठरला, परंतु तो मोडला. मेक्सिको देशात जमिनीत घातलेला पैसाही बुडाला. सन १८९८ मध्ये त्या रित्या हाताने मायदेशी परतल्या. जगाच्या दृष्टीने हे आयुष्य फसलेलेच होते. पण आजाऱ्याच्या उशाशी बसण्याची व गरिबाचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकून घेण्याची जी सवय त्यांस याच वर्षांत लागली, तिचा उपयोग पुढे हजारो जिवांस झाला.

ता. ११ ऑक्टोबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इंग्रज व बोअर यांचे युद्ध सुरू झाले. बोअर हे डच वंशाचे शेतकरी लोक. ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन स्वतंत्र राज्ये होती. सन १९०० मध्ये दोन्ही राजधान्या इंग्रजांनी घेतल्या, तरी बोअर शरण आले नाहीत. घोड्यावर बसून ते गनिमी काव्याने लढू लागले. त्यांस दाणापाणी मिळू नये म्हणून इंग्रजी सैन्याने त्यांची शेते व घरे जाळण्याचा सपाटा लावला. सुमारे ३०,००० घरे अशा रीतीने उद्ध्वस्त झाली. उघड्यावर पडलेली बायकामुले गाड्यांत घालून छावण्यांत नेऊन ठेवण्यात आली.

या युद्धाला विरोध करणारी एक समिती लंडनमध्ये होती. तिच्या स्त्रीशाखेच्या चिटणीस एमिलीबाई होत्या. घरे जाळल्याच्या बातम्या कानी येताच, केवळ निषेध करून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. सन १९०० च्या उत्तरार्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी संकटनिवारण निधी उभारला. बोअर असो, इंग्रज असो वा अन्य कोणी असो, युद्धाने निराधार झालेल्या बाईला व बालकाला अन्न, वस्त्र व निवारा द्यावा, असा त्या निधीचा नियम होता. निधी जमा झाल्यावर दुसऱ्याच्या हाती सोपवून त्या घरी बसल्या नाहीत. पैसा कोठे जातो व गरज किती आहे, हे स्वतः पाहावे म्हणून त्या डिसेंबर महिन्यात जहाजावर चढल्या आणि २७ डिसेंबरला केपटाऊनला पोहोचल्या.

सरसेनापती किचनर यांनी त्यांस फक्त ब्लोएमफाँटेन शहरापर्यंत जाण्याची परवानगी दिली. आगगाडीचा डबा अन्नाने व कपड्यांनी भरून बाई ता. २४ जानेवारी १९०१ रोजी तेथे उतरल्या. शहराबाहेर उघड्या माळावर तंबूंची छावणी होती. सुमारे दोन हजार जीव तेथे राहत होते आणि त्यांपैकी नऊशे मुले होती. एकेका लहान तंबूत दहा-दहा, बारा-बारा माणसे दाटीने राहत. दिवसा ऊन व माशा, रात्री पाऊस आणि ओली जमीन, अशी त्यांची स्थिती होती. पाणी मॉडर नदीचे व गढूळ होते. ते उकळून प्यावे तर पुरेसे सरपण नव्हते. विषमज्वराची साथ चालू होती. अंगधुण्यास व कपडे धुण्यास साबण मुळीच मिळत नसे. बाईंनी साबण मागितला, तेव्हा ती चैनीची वस्तू आहे, असे त्यांस उत्तर मिळाले. ज्यांचे पती अद्याप रणांगणावर लढत होते, त्या बायकांना प्रारंभी शिधाही इतरांहून कमी मिळत असे. नवऱ्याच्या लढण्याची शिक्षा अशी लेकराच्या पोटाला भोगावी लागत होती.

बाईंनी येथे कशी वर्तणूक ठेवली, हे आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. त्यांनी तंबूतंबूत जाऊन प्रत्येक बाईशी बोलणे केले आणि ऐकलेले व पाहिलेले सर्व लिहून ठेवले. जे आपल्या निधीतून देता येण्याजोगे होते, ते त्यांनी तत्काळ दिले. जे सरकारने देणे उचित होते, ते त्यांनी सरकारकडे मागितले आणि मिळेपर्यंत मागितले. साबण, सरपण, पाणी उकळण्याची सोय, निजण्यास अंथरुण, अशा एकेका वस्तूसाठी त्या अधिकाऱ्यांच्या दारी जात राहिल्या. शुभवर्तमानातील ती विधवा न्यायाधीशाच्या दारी जशी पुनःपुन्हा गेली, तद्वतच हे होते. नॉर्व्हाल्सपाँट, आलिवाल नॉर्थ, किंबर्ली इत्यादी ठिकाणच्या छावण्याही त्यांनी पाहिल्या. मे महिन्यात स्प्रिंगफाँटेन येथे एक माता मरणोन्मुख लेकरू मांडीवर घेऊन बसलेली त्यांस दिसली. तिच्या डोळ्यांत अश्रूही उरले नव्हते. ते दृश्य बाईंच्या अंतःकरणातून कधीही गेले नाही.

छावण्यांत माणसे वाढत होती आणि निधी अपुरा पडत होता. दान देऊन हे दुःख सरणार नाही, सत्य सांगितल्यावाचून दुसरा मार्ग नाही, अशी त्यांची खात्री झाली. मे १९०१ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या आणि पुढल्याच महिन्यात त्यांनी आपला अहवाल छापला. युद्धमंत्री ब्रॉड्रिक यांस त्या भेटल्या. विरोधी पक्षाचे पुढारी कॅम्बेल-बॅनरमन यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि लगेच भर सभेत सरकारच्या युद्धरीतीला रानटी ठरविले. मग मोठेच वादळ उठले. वर्तमानपत्रांनी बाईंना देशद्रोही म्हटले. सरकारने मिलिसेंट फॉसेटबाईंच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांचे एक चौकशीमंडळ पाठविले, परंतु त्यात एमिलीबाईंना घेतले नाही. तथापि त्या मंडळानेही बहुतेक गोष्टी खऱ्या ठरविल्या. ऑक्टोबर १९०१ मध्ये छावण्यांतील मृत्यूचे प्रमाण, वर्षाच्या हिशेबाने, दर हजारी ३४४ पर्यंत चढले होते. त्यानंतर छावण्यांचा कारभार मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला, सुधारणा झाल्या व मृत्यू कमी होत गेले.

त्याच महिन्यात बाई पुन्हा आफ्रिकेस गेल्या. ता. २७ ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांचे जहाज केपटाऊनला लागले, परंतु त्यांस किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिले नाही. काही दिवसांनी शिपायांनी त्यांस बळेच उचलून दुसऱ्या जहाजावर चढविले व इंग्लंडला परत पाठविले. ता. ३१ मे १९०२ रोजी युद्ध संपले. तोपर्यंत बोअरांच्या छावण्यांत २७,९२७ माणसे मृत्यू पावली होती आणि त्यांपैकी २२,००० हून अधिक सोळा वर्षांच्या आतील मुले होती.

तह झाला म्हणून दुःख संपत नाही. सन १९०३ मध्ये बाई त्या देशात परत गेल्या तेव्हा घरांच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. नांगराला बैल नव्हते आणि अवर्षणही पडले होते. त्यांनी निधीतून बैलांची सोय करून ओसाड पडलेली शेते नांगरवून घेतली. पण भाकरी नित्य दुसऱ्याच्या हातून मिळत राहिली तर माणसाचा कणा मोडतो, हे जाणून त्यांनी पुढचा विचार केला. बोअरांकडे मेंढरांची लोकर होती, परंतु ती विणण्याची विद्या त्यांच्या मुलींपाशी नव्हती. बाईंनी युरोपात हिंडून सूतकताई व विणकाम यांची माहिती मिळविली. सन १९०५ मध्ये मार्गारेट क्लार्क या क्वेकर पंथाच्या भगिनीसह त्यांनी फिलिप्पोलिस येथे पहिली शाळा काढली. हे गाव मुळात लंडन मिशनरी सोसायटीचे ठाणे होते. युद्धाने पोरक्या झालेल्या मुली तेथे चरख्यावर लोकर कातू लागल्या आणि मागावर घोंगड्या व सतरंज्या विणू लागल्या. अशा शाळा वाढत वाढत पंचवीसांच्या वर गेल्या. यापो नगरातील दुर्कसबाई विधवांना अंगरखे शिवून देत असे. आमच्या चरित्रनायिकेने विधवांच्या लेकींना वस्त्र विणण्याची कला दिली. सन १९०८ मध्ये हृदयविकारामुळे त्यांस हे काम दुसऱ्यांच्या हाती सोपवून परत यावे लागले.

येथे एक उणीवही सांगणे आम्हांस प्राप्त आहे, कारण चरित्र हे स्तुतिस्तोत्र नव्हे. आफ्रिकन लोकांसाठी निराळ्या छावण्या होत्या. त्यांत १४,००० हून अधिक मृत्यूंची नोंद सापडते, आणि खरा आकडा त्याहून मोठा असावा, असे इतिहासकार मानतात. सन १९०१ मध्ये बाईंनी ज्या छावण्या तपशिलाने पाहिल्या, त्यांत या नव्हत्या. दयाळू डोळ्यांनाही कुंपणापलीकडचा माणूस कधी कधी दिसत नाही. गावकुसाबाहेर राहिलेल्या आम्हां लोकांना ही गोष्ट कोणी समजावून सांगावयास नको. परंतु बाईंनी ती कायमची झाकून ठेवली नाही. ता. १६ डिसेंबर १९१३ रोजी ब्लोएमफाँटेन येथे मृत स्त्रिया व मुले यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. स्प्रिंगफाँटेनच्या त्या मातेचीच आठवण तेथील शिल्पात आहे. बाई त्या समारंभास निघाल्या असता वाटेत आजारी पडल्या, म्हणून त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचले. आपला नव्हे अशा भांडणात बळी पडलेल्या हजारो आफ्रिकनांचेही स्मरण न्यायाने करावे, असे त्यांनी त्यात कळविले होते. बोअरांनी शत्रूंना क्षमा करावी, अशीही विनंती त्यांनी केली होती.

पुढल्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी १९१४ मध्ये, त्यांनी आपल्या देशबांधवांचीही बाजू घेतली. तेथील हिंदी लोकांवर तीन पौंडांचा कर होता आणि ख्रिस्ती पद्धतीवाचून झालेले त्यांचे विवाह कायद्याने अमान्य ठरले होते. मोहनदास गांधी त्याविरुद्ध सत्याग्रह करीत होते. आजारी असतानाही बाईंनी गांधी व जनरल स्मट्स यांचा समेट व्हावा म्हणून खटपट केली. त्याच वर्षी कर रद्द झाला व विवाह मान्य झाले. बाईंच्या मृत्यूनंतर गांधींनी आपल्या ‘यंग इंडिया’ पत्रात त्यांचे गुण गायिले. पहिल्या महायुद्धानंतर शत्रू मानलेल्या जर्मनीतील लाइपझिग शहरी हजारो उपाशी शाळकरी मुलांना रोज एक वेळचे जेवण मिळावे, अशी व्यवस्थाही त्यांनी लावली.

इतरांसाठी लाखो वेचणाऱ्या या बाईंपाशी म्हातारपणी स्वतःचे घर नव्हते. सन १९२१ मध्ये स्टाइनबाईंच्या सांगण्यावरून बोअर लोकांनी अडीच-अडीच शिलिंग देऊन २,३०० पौंड जमविले आणि त्यातून बाईंनी कॉर्नवॉलमध्ये समुद्रकाठी घर घेतले. विधवेच्या दोन टोल्यांचे मोल जाणणाऱ्यांस या दानाची थोरवी कळेल. ता. ८ जून १९२६ रोजी लंडन येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जन्मप्रांतातील वर्तमानपत्रांनी त्याची दखलही घेतली नाही. पण त्यांची रक्षा आफ्रिकेस नेण्यात आली आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला त्या स्मारकाच्या पायथ्याशी ठेवण्यात आली. पंचवीस वर्षांपूर्वी याच तारखेला ज्या देशाने त्यांस किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नव्हता, त्याच देशाने त्यांस आपल्या कुशीत घेतले.

उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, आमच्यापैकी फार थोड्यांच्या हाती मोठा निधी येईल. परंतु दंगा, भाऊबंदकी वा दुष्काळ यांनी निराधार झालेली बाई आपल्या मंडळीत वा शेजारच्या वस्तीत असतेच. तिच्या दारी स्वतः जावे, तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, दिलेल्या पैशाचा चोख हिशेब ठेवावा, आणि अन्याय दिसला तर आपल्याच जातभाईंविरुद्ध असला तरी बोलावे. आणि तिचे घर आपल्या बाजूचे की शत्रूच्या, हे विचारू नये. चांगल्या शोमरोन्याने ते विचारले नव्हते.